आवतण कोणाचे, जबाबदारी कोणाची?

पोवळे म्हटले की आपल्याकडच्या माणसाला अंगठीतला लाल खडा आठवतो. 'मर्जान' हा त्याचा अरबी शब्दही काही वाचकांच्या कानांवरून गेला असेल. मला लिहायचे आहे ते मात्र दागिन्यातल्या पोवळ्याविषयी नाही. उष्ण प्रदेशांतल्या उथळ समुद्रात इवल्या इवल्या जीवांनी हजारो वर्षे चुन्याची घरे एकावर एक रचून ज्या भिंती उभ्या केल्या आहेत, त्या प्रवाळभित्तींविषयी आहे. समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागा त्यांनी व्यापली आहे, आणि समुद्रात राहणाऱ्या जीवजातींपैकी सुमारे पाव जाती आयुष्यात कधी ना कधी त्यांच्या आश्रयाला येतात. या भिंती आपल्या हयातीत मरत आहेत. त्या पुन्हा उभ्या करण्यासाठी आता कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली जात आहे. यंत्र हे काम किती चांगले करते, याची चर्चा शास्त्रज्ञ करतील. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. उजाड झालेल्या जागी आपण एखाद्या जीवाला पुन्हा वस्तीला बोलावतो, तेव्हा आपण त्याचे काय देणे लागतो?

आधी मरण कशाने येते ते पाहू. प्रवाळाच्या पेशींत एक सूक्ष्म शैवाल भाडेकरूसारखे राहते. उन्हावर ते अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की हा संसार मोडतो. प्रवाळ शैवालाला बाहेर काढतो. मग त्याचा रंग जातो, आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो आणि उपासमार सुरू होते. पाणी लवकर निवले तर जीव वाचतो. नाही निवले तर जातो. जगभर एकाच वेळी असे होण्याच्या घटना १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात नोंदल्या गेल्या. चौथी घटना एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाली. २०२३ च्या आरंभापासून पुढच्या दोन-सव्वादोन वर्षांत जगातल्या सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला तिची झळ लागली. आपले लक्षद्वीपही यातून सुटले नाही. तिथली जमीनच मुळी प्रवाळाची आहे, त्यामुळे तिथल्या माणसासाठी ही भिंत म्हणजे घराचे कुंपण आणि जोते दोन्ही.

आता यंत्राकडे येऊ. इंडोनेशियातल्या दक्षिण सुलावेसीत, मकासर शहरासमोरच्या समुद्रात, स्पर्मोंड नावाचा बेटांचा पुंजका आहे. तिथल्या पाण्याखालचे आवाज टिपून शास्त्रज्ञांनी कॉम्प्युटरला ऐकवले. जिवंत प्रवाळभित्ती मुकी नसते. बोटाएवढ्या झिंग्यांच्या नांग्यांचा आवाज तिथे सतत चाललेला असतो, जणू कढईत मोहरी तडतडावी. त्यात माशांचे घुमणे, कुरकुरणे, डरकणे मिसळते. मेलेल्या भिंतीवर हा बाजार उठलेला असतो. कोणती भिंत निरोगी आणि कोणती रोगट, हे केवळ आवाजावरून ओळखायला यंत्राला शिकवले गेले, आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने ९२ टक्के वेळा बरोबर ओळखले. माणसाने असे ध्वनिमुद्रण तासन्‌तास कानाशी धरून बसायचे म्हणजे आयुष्य पुरायचे नाही. पुढे २०२४ मध्ये गूगलच्या संशोधकांनी 'सर्फपर्च' नावाची याच कामाची प्रणाली पुढे आणली. तिची गंमत अशी, की पाखरांच्या आवाजांवर घेतलेले शिक्षण तिला माशांचे आवाज ओळखताना उपयोगी पडले. पाखरे ऐकलेल्याला मासेही कळतात, ही गोष्ट मला त्या तंत्रज्ञानाहून जास्त आवडली.

स्पर्मोंडची भिंत मात्र केवळ उष्णतेने मेलेली नव्हती. तिथे मासेमारीसाठी बाटलीत खत भरून केलेले स्फोट वर्षानुवर्षे चालले. अशा स्फोटाने मासे पोट वर करून तरंगतात आणि खाली भिंतीचा चुरा होतो. या चुऱ्याचे दुखणे असे, की तो स्थिर राहत नाही. प्रवाळाचे पिल्लू येऊन तुकड्यावर बसते, लाट येते, तुकडा गडगडतो आणि पिल्लू चिरडते. म्हणून स्फोट थांबून दशके लोटली तरी जागा बरी होत नाही. त्यावरचा उपाय अगदी लोहारकामातला आहे. षटकोनी लोखंडी चौकटींवर रेती चिकटवायची, त्यांना जिवंत प्रवाळाचे तुकडे बांधायचे आणि अशा शेकडो चौकटी एकमेकींत अडकवून चुऱ्यावर जाळ्यासारख्या पसरायच्या. बोंटोसुआसारख्या लहान बेटांवरची माणसे हे काम हाताने करतात. चार वर्षांत इथली लावलेली भिंत निरोगी भिंतीच्या वेगाने वाढू लागते, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत दिसले. फांद्या फुटणाऱ्या जातींचा भरणा अधिक आणि दगडासारख्या गोलसर जाती कमी, हे न्यूनही त्याच अभ्यासात नोंदले आहे.

या कामाला पैसा पुरवणारी कंपनी चॉकलेट आणि मांजरांचे खाद्य विकते. तिने २०२१ मध्ये या चौकटी अशा रचून दाखवल्या, की उपग्रहाच्या चित्रात समुद्रतळावर 'आशा' या अर्थाचा इंग्रजी शब्द वाचता यावा. मांजराच्या जेवणाची जाहिरात समुद्राच्या तळाशी! हसू येते, पण तिथे मासे परतले, हेही खरे. जाहिरातीसाठी का होईना, भले झाले ते भलेच. त्यावर मला फारसे भांडायचे नाही.

मला थांबायचे आहे ते त्या बेटांवरच्या हातांपाशी. कल्पना करा, तिथल्या एखाद्या वयस्क माणसाने तरुणपणी बाटली फेकली असेल आणि आज तोच चौकटीला प्रवाळ बांधत असेल. त्याच्या बाबतीत मोडणे आणि सांधणे एकाच वहीत लिहिले जाते. आपण काय मोडले हे त्याला ठाऊक आहे. पुन्हा कोणी बाटली घेऊन आला तर तो आडवा येईल, कारण आता त्याचे श्रम त्या पाण्याखाली आहेत. मराठीत आपण दुरुस्ती, भरपाई आणि प्रायश्चित्त हे तीन शब्द वेगळे ठेवले, ते उगाच नाही. दुरुस्ती वस्तूची असते, ती कोणीही करावी. भरपाई नुकसान करणाऱ्याने द्यायची असते, ती पैशात देता येते. प्रायश्चित्त मात्र ज्याचे त्यानेच करायचे असते, आणि पुन्हा तसे न वागणे हा त्याचा अर्धा भाग असतो. बोंटोसुआच्या किनाऱ्यावर हे तिन्ही शब्द एका माणसात एकत्र येऊ शकतात.

समुद्र तापवणाऱ्यांचे तसे नाही. ती उष्णता कोणा एकाने फेकलेली बाटली नाही. ती दूरच्या कारखान्यांतून, विमानांतून, वीजकेंद्रांतून आणि थोडीशी माझ्या-तुमच्या घरातून आलेली आहे. तिथे दुरुस्ती एकाची, भरपाई कोणाचीच नाही, आणि प्रायश्चित्ताचा विषयच निघत नाही. यंत्र येते ते नेमके या मोकळ्या जागी.

पुढचा प्रयोग मला सर्वांत जास्त विचारात पाडणारा वाटला. यंत्राने भिंतीचे ऐकावे, ही एक गोष्ट. माणसाने भिंतीच्या आवाजात हाक मारावी, ही दुसरी. ऑस्ट्रेलियात लिझार्ड बेटाजवळ शास्त्रज्ञांनी मेलेल्या प्रवाळांच्या ढिगाऱ्यांजवळ पाण्याखाली कर्णे ठेवले आणि निरोगी भिंतीचा गजबजाट चाळीस दिवस वाजवला. मूक ढिगाऱ्यांच्या तुलनेत तिथे दुप्पट मासे जमले, असे त्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यापुढची पायरी अमेरिकेच्या वुड्स होल संस्थेच्या संशोधकांनी कॅरिबियन समुद्रात, व्हर्जिन बेटांपैकी सेंट जॉन येथे गाठली. प्रवाळांची पिल्ले बंद पेल्यांत ठेवून त्यांनी एका खराब झालेल्या भिंतीजवळ निरोगी भिंतीचे ध्वनिमुद्रण वाजवले. तिथे सरासरी १.७ पट आणि काही वेळा ७ पटींपर्यंत जास्त पिल्ले पेल्यात बूड टेकून बसली. म्हणजे डोळे नसलेला, कान नसलेला, टाचणीच्या टोकाएवढा जीव आवाजाच्या मागावर घर शोधतो.

मासा फसला तर परत फिरू शकतो. प्रवाळाचे पिल्लू एकदा चिकटले की जन्मभर तिथेच. पोहण्याचे दिवस संपतात आणि दगड होण्याचे सुरू होतात. अशा जीवाला, जिथे कोणी नाही तिथे, भरल्या घराचा आवाज ऐकवून बोलावणे, याला काय म्हणायचे? खेड्यात लग्नाचे आवतण खोटे देऊन पाहुण्याला ओसाड वाड्यात नेणाऱ्याला आपण काय म्हणू, ते सांगायला नको.

यावर उत्तर तयार असते, की जनावराशी कसले आले खरे-खोटे! कोळी गळाला आमिष लावतोच, शेतकरी बुजगावणे उभे करतोच. जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या मते तर प्राण्यांबाबतची आपली कर्तव्ये ही खरे पाहता माणसाबाबतच्या कर्तव्यांचीच सावली होती. शिवाय इथे फसवणूक त्या जीवाच्या भल्यासाठी आहे, हाही युक्तिवाद आहे. आणि तो पोकळ नाही. कारण या हाकेत एक विलक्षण गोष्ट आहे. बोलावलेले पुरेसे आले, बसले, वाढले, त्यांच्या आडोशाला मासे आले, झिंगे आले, तर काही वर्षांनी तोच आवाज तिथे खरोखरच उठेल. आज खोटी असलेली हाक उद्या खरी होते. जगात असे फार थोडे असते. नव्याने वसणाऱ्या गावातला पहिला दुकानदारही असेच काहीसे करतो. गिऱ्हाईक नसताना दिवा लावून बसतो.

म्हणून माझा आक्षेप खोटेपणाला नाही. मला असे वाटते, की ही हाक खरी की खोटी हे ती मारतेवेळी ठरतच नाही. ते नंतर ठरते, आणि हाक मारणारा पुढे काय करतो यावर ठरते. दुकानदाराने दिवा लावला आणि स्वतःच रात्री गाव सोडले तर तो फसवणारा. टिकून राहिला तर गाव वसवणारा. बोलावणे म्हणजे वचन देणे आहे. प्रवाळाला दिलेले हे वचन फार साधे आहे: तू इथे बस, हे पाणी तुला जगण्याजोगे राहील.

हे वचन किती पाळले गेले, याचा एक दाखला २०२३ मध्ये फ्लोरिडात मिळाला. तिथल्या कोरल रिस्टोरेशन फाउंडेशन या संस्थेची माणसे दहाहून अधिक वर्षे सोम्ब्रेरो नावाच्या भिंतीवर प्रवाळ लावत होती. त्या जुलैत तिथला समुद्र असा तापला, की मॅनाटी बे या उथळ उपसागरात पाण्याचे तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या वर मोजले गेले. २० जुलैला संस्थेची माणसे सोम्ब्रेरोवर उतरली, तेव्हा तिथले सर्व प्रवाळ मेलेले आढळले. थोडे नव्हे, सर्व. पाण्याखालच्या रोपवाटिकांतली जिवंत रोपे मग घाईघाईने जमिनीवरच्या टाक्यांत आणावी लागली. या माणसांच्या श्रमात कसूर नव्हती. पण एका हाताने आपण रांजण भरत होतो आणि दुसऱ्या हाताने त्याचे बूड फोडत होतो, आणि दुसरा हात कितीतरी बळकट होता.

आता कोणी म्हणेल, की माणसाचे हात अपुरे पडतात, म्हणूनच तर यंत्र हवे. हे मला मान्य आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या टेरिन फॉस्टर यांनी चुनखडीसारखे सांगाडे साच्यात पाडून त्यांत प्रवाळाचे तुकडे रोवण्याची पद्धत काढली, म्हणजे प्रवाळाला सांगाडा बांधण्यात वर्षे घालवावी लागू नयेत. ते तुकडे उचलून नेमके बसवण्याचे काम कॉम्प्युटरची नजर लाभलेल्या यंत्रहातांना शिकवण्याचे प्रयत्न झाले आहेत. ऑस्ट्रेलियाच्या सागरविज्ञान संस्थेची 'रीफक्लाउड' ही प्रणाली पाण्याखालच्या छायाचित्रांतले प्रवाळ ओळखते. माणसाला त्यासाठी लागणाऱ्या वेळाच्या कितीतरी कमी वेळात. याला नाक मुरडणे हा आपल्या हस्तकौशल्याचा फाजील अभिमान झाला. मरणाऱ्या प्रवाळाला, आपल्याला बसवणारी बोटे मांसाची आहेत की धातूची, याच्याशी कर्तव्य नाही. आपले प्रायश्चित्त हवे ते आपल्याला; त्याला थंड पाणी हवे.

पण यंत्र वचन देऊ शकत नाही, ही गोष्ट उरतेच. ते बोलावू शकते, बसवू शकते, मोजू शकते. पुढच्या उन्हाळ्याची हमी त्याच्याकडे नाही. आणि जिथे काम सारे यंत्राने होते तिथे वचन दिले कोणी, याचीच आठवण राहत नाही. बेटावरचा माणूस आडवा आला असता. यंत्रहात कोणाच्या आड येणार?

आणखी एक काम आकडेमोडीकडे गेले आहे: कोणाला बोलवायचे आणि कोणाला नाही. २०१७ मध्ये 'फिफ्टी रीफ्स' नावाचा उपक्रम सुरू झाला. पुढच्या उष्णतेत टिकण्याची आणि मग शेजारच्या भिंतींना पिल्ले पुरवण्याची शक्यता कोणत्या क्षेत्रांची जास्त आहे, ती पन्नास क्षेत्रे शोधायची, असा त्याचा हेतू होता. निवडीची रीत शेअरबाजारातून घेतली होती: सारे पैसे एका शेअरमध्ये न घालता जोखीम कशी वाटून टाकावी, याचे हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये मांडलेले गणित. रीत शहाणपणाची आहे. युद्धातल्या डॉक्टरलाही असे निवडावे लागते. परंतु युद्धातला डॉक्टर ज्याला सोडून पुढे जातो त्याच्या डोळ्यांत एकदा तरी पाहतो. इथे यादीबाहेर राहिलेल्या बेटावरच्या कोळ्याला, आपण कोणत्या आकड्यामुळे बाहेर राहिलो, हे विचारायला दारच नाही. आणि समुद्र तापवण्यात त्याचा वाटा जवळजवळ शून्य.

'निरोगी' या शब्दाचेही तेच. यंत्राला आपण जे ऐकवतो त्यावरून ते निरोगी कशाला म्हणायचे ते शिकते. आपल्या ध्वनिमुद्रणांचे वय किती? दहा-वीस वर्षे. त्याआधीचा समुद्र फारसा कोणी टिपून ठेवलेला नाही. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनिएल पॉली यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले होते, की प्रत्येक पिढी आपल्या उमेदीच्या काळातला समुद्रच मूळचा समजते आणि झीज तिथून पुढे मोजते. आजोबांना जे उजाड वाटले असते ते नातवाला भरलेले वाटते. आता नातवाने हे यंत्राला शिकवले आहे, आणि यंत्र ते ९२ टक्के अचूकपणे सांगते.

आपल्या दाराशीही या प्रश्नाचा एक लहान तुकडा येऊन गेला. मुंबईचा किनारी रस्ता बांधताना वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळांच्या काही छोट्या वसाहती आढळल्या. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, बसलेले हे जीव. २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांकडून ते दुसऱ्या खडकांवर हलवण्यात आले, आणि रस्ता झाला. तज्ज्ञांच्या कामाविषयी माझी तक्रार नाही. पण प्रवाळ हलवता येतात हे ठाऊक झाल्यावर चर्चेतला प्रश्न कसा बदलतो, हे पाहण्यासारखे आहे. 'इथे हात लावावा का?' हा प्रश्न मागे पडतो आणि 'कुठे हलवायचे?' हा पुढे येतो. दुरुस्तीचे कौशल्य जसजसे वाढते तसतसे मोडण्याचे धाडसही वाढते. हाजी अलीला हे लहान प्रमाणावर, माणसांच्या हातांनी झाले. उद्या यंत्रे हेच काम हजारो पटींनी करू लागली, की कोणत्या बंदराला, कोणत्या रस्त्याला नाही म्हणण्याचे कारण उरेल?

यंत्राच्या विजेचा हिशेबही कोणीतरी विचारेलच. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जगातल्या विजेपैकी सुमारे दीड टक्का वीज माहिती साठवणाऱ्या आणि आकडेमोड करणाऱ्या केंद्रांनी खाल्ली, आणि हे प्रमाण वाढते आहे. त्यात प्रवाळांसाठी जाणारा भाग अगदी नगण्य असणार. त्यावरून संशोधकांना टोचणे मला अन्यायाचे वाटते. मोठा हिशेब दुसरीकडे आहे. पृथ्वीचे सरासरी तापमान औद्योगिक युगापूर्वीपेक्षा १.५ अंशाने वाढले तर ७० ते ९० टक्के, आणि २ अंशांनी वाढले तर ९९ टक्क्यांहून अधिक प्रवाळभित्ती जातील, असा इशारा हवामान बदलावरील आंतरसरकारी समितीने २०१८ मध्ये दिला. पहिली मर्यादा आपण जवळजवळ गाठली आहे. २०२४ या एका वर्षाची सरासरी तर तिच्यावर गेली. प्रवाळाला दिलेले वचन पाळायचे की मोडायचे, हे या आकड्यात ठरणार आहे, आणि हा आकडा खाली ओढण्याचे काम कर्ण्यांच्या, चौकटींच्या किंवा यंत्रहातांच्या आवाक्यातले नाही. ते वीज कशापासून करायची आणि कोणी किती जाळायचे, अशा रुक्ष करारांतले काम आहे. तिथे बसणाऱ्यांपैकी कोणालाही प्रवाळाच्या पिल्लाने ऐकलेली हाक ऐकू आलेली नसते.

सेंट जॉन येथे पेल्यांतल्या पिल्लांना आवाज ऐकवला गेला तो २०२२ मध्ये. पुढच्याच वर्षी कॅरिबियन समुद्र विक्रमी तापला, आणि व्हर्जिन बेटांभोवतीच्या भिंतीही पांढऱ्या पडल्या. ते ध्वनिमुद्रण मात्र जसेच्या तसे आहे. ते वाजवले तर मोहरी अजूनही तडतडते.